तळे राखील तो पाणी चाखील. पण राखायचे कुणी?

मार्गशीर्षातली अमावस्या आली की आपल्या भागात गावे ओस पडतात आणि शिवारे भरून जातात. उदगीर-देवणीकडे हिला वेळ अमावस्या म्हणतात, बोलीत येळवस. बीदर-कलबुर्गीकडच्या कन्नड घरांत तीच एळ्ळ अमावास्ये. डोक्यावर टोपल्या घेऊन बायका शेतात जातात, दगडांचे पांडव मांडून त्यांना चुना लावतात, कडब्याच्या खोपीत पूजा होते. मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर. पिकांवर चरगा शिंपडला जातो. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवले जाते. त्या पंगतीत कुणी कुणाला ‘तुमच्या घरची भाषा कोणती’ असे विचारत नाही. वाढणारी अव्वा असते नाहीतर आज्जी, पत्रावळीवरचे उंडे तेच.

त्या दिवसांत विहिरीला पाणी असते. हरभरा, करडई, ज्वारी डोलत असते. हेच शिवार वैशाखात पाहावे. विहिरीचा तळ दिसतो, तळ्याच्या मधोमध भेगाळलेली माती, आणि गायरानात सावलीला एखादे बाभळीचे झाड शोधणारी जनावरे. तेव्हा घराघरांत एकच वाक्य ऐकू येते, ‘पंचायत काय करते?’

प्रश्न रास्त आहे. पण वाचकहो, त्याच्या पाठीला पाठ लावून दुसरा प्रश्न येतो, ‘पंचायतीने काय करायचे हे ठरते तेव्हा आपण कुठे असतो?’ आजचा लेख या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

एका वस्तूची दोन नावे

बीदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्यातले चिंताकी हे सीमेवरचे गाव. या तालुक्याच्या एका अंगाला महाराष्ट्रातले उदगीर आणि देगलूर, दुसऱ्या अंगाला तेलंगणातले नारायणखेड. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हे सगळे हैदराबाद संस्थानाच्या, नंतर हैदराबाद राज्याच्या एकाच छत्राखाली होते. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हा बीदर जिल्ह्यातच मोडत. भाषावार प्रांतरचना झाली, ते तालुके मराठवाड्याबरोबर गेले आणि औराद, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात राहिले. नकाशावर रेघ आली. सोयरिकी मात्र रेघ पाहून थांबल्या नाहीत. म्हणूनच आपल्याकडे माहेर देवणीचे आणि सासर औरादचे अशी घरे अजून गल्लोगल्ली सापडतात.

या घरांत गावच्या सामाईक गोष्टींना दोन-दोन नावे असतात. तळे म्हणजे केरे. विहीर म्हणजे बावी. तळ्याचा सांडवा म्हणजे कोडी, पाणी सोडायची मोरी म्हणजे तूबु. पाणी वाटणारा पाटकरी म्हणजे नीरगंटी. जुन्या म्हैसूरकडे ज्याला गोमाळ म्हणतात त्याला आपल्याकडचे कन्नड लोकही गायराणच म्हणतात. गावठाण, शिवार, पहाणी हे शब्द तर दोन्ही भाषांनी वाटून घेतलेले आहेत. महाराष्ट्रात सात-बारा काढतात, इथे पहणी काढतात, एवढाच फरक.

शब्द सांगण्याचे कारण असे की, सरकारी कागदावर यांतले एकच नाव असते. घरातली आज्जी ‘तळे’ म्हणते आणि ठरावाच्या वहीत ‘केरे’ लिहिलेले असते. ज्या घरात दोन्ही शब्द माहीत आहेत, त्या घरालाच ही वही आणि ते तळे यांची सांगड घालता येते.

कोणते दार कुणाचे

तळे आटले, गायरानावर कुणी नांगर घातला, हातपंप बंद पडला, की आपण ज्याच्या त्याच्या दारात जातो. सदस्याकडे, आमदाराकडे, ओळखीच्या कारकुनाकडे. निम्मा वेळ चुकीच्या दारात जातो. तेव्हा आधी दारे ओळखून घेऊ.

पहिले दार ग्रामपंचायतीचे. घटनेची ७३ वी दुरुस्ती १९९३ साली अमलात आली. तिच्या अकराव्या परिशिष्टात पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय आहेत. पिण्याचे पाणी, लघुपाटबंधारे आणि पाणलोट विकास, सामाजिक वनीकरण, सरपण आणि चारा, सामाईक मालमत्तेची देखभाल हे सगळे त्यांत येते. कर्नाटकाने त्याच वर्षी आपला पंचायतराज कायदा केला. पुढे त्याच्या नावात ‘ग्रामस्वराज’ हा शब्द जोडला गेला. महाराष्ट्रात सरपंच असतो, इथे अध्यक्ष. तिकडे ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणत आलो, त्या जागी इथे पंचायत विकास अधिकारी, म्हणजे आपल्या बोलण्यातले पीडीओ. गावचे नळपाणी, दिवाबत्ती, कचरा, पंचायतीच्या जागेवरची झाडे, छोट्या तळ्यातल्या मासेमारीचा लिलाव, ही कामे या दारातली.

दुसरे दार तालुका आणि जिल्हा पंचायतीचे. चाळीस हेक्टरपेक्षा कमी जमीन भिजवणारी तळी कर्नाटकात पंचायतराज व्यवस्थेकडे असतात. चाळीस ते दोन हजार हेक्टरपर्यंतची तळी लघुपाटबंधारे खात्याकडे. आपल्या गावचे तळे किती जमीन भिजवते हे माहीत नसेल तर अर्ज कुणाच्या नावे करायचा इथेच गाडी अडते. बांध फुटायला आला असताना दोन खात्यांत कागद फिरत राहतो.

तिसरे दार तहसीलदाराचे. गायरानाची जमीन महसूल खात्याच्या दप्तरी सरकारी म्हणून नोंदलेली असते. तिची देखभाल गावाने करायची, पण मोजणी, हद्द आणि अतिक्रमण हे विषय महसुलाचे. महाराष्ट्रातल्या तलाठ्याचे काम इथे ग्राम आडळित अधिकारी करतो, त्याच्यापासून सुरुवात करायची.

चौथे दार कलबुर्गीत. घटनेच्या ३७१ (जे) कलमाने २०१३ पासून या मागास भागासाठी खास तरतूद झाली आणि वेगळे विकास मंडळ आले. २०१९ मध्ये हैदराबाद-कर्नाटकाचे नाव कल्याण कर्नाटक झाले, तेव्हा मंडळाचे नावही बदलले. रस्ते, शाळा, दवाखाने यांच्याबरोबर पाण्याची कामेही या मंडळाच्या निधीतून होतात. पण मंडळ गावोगाव फिरून तळी शोधत नाही. खालून मागणी जावी लागते.

यांतले दुसरे दार बरीच वर्षे अर्धवट उघडे राहिले, हेही सांगितले पाहिजे. कर्नाटकात जिल्हा आणि तालुका पंचायतींची निवडणूक २०१६ साली झाली. सदस्यांची मुदत २०२१ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक मतदारसंघांच्या फेररचनेत वर्षानुवर्षे अडकून पडली. कारभार प्रशासकांकडे गेला. आपल्या भागाचा माणूस जिल्ह्याच्या सभेत उठून ‘आमच्या तळ्याचे काय?’ असे विचारेनासा झाला. अशा वेळी ग्रामसभेचे मोल वाढते. सदस्याची मुदत संपते, ग्रामसभेची संपत नाही. गावच्या मतदारयादीत तुमचे नाव आहे तोवर तुम्ही ग्रामसभेचे सभासद आहात.

‘नीर साब’ची आठवण

कर्नाटकाला पंचायतीचे वेड नवीन नाही. रामकृष्ण हेगडे यांच्या मंत्रिमंडळात अब्दुल नझीर साब ग्रामविकास मंत्री होते. खेडोपाडी कूपनलिका खोदून पिण्याचे पाणी देण्याच्या त्यांच्या कामामुळे लोक त्यांना प्रेमाने ‘नीर साब’ म्हणत. १९८७ मध्ये राज्यात जिल्हा परिषदा आणि मंडल पंचायतींच्या निवडणुका झाल्या, त्यामागे त्यांचाच आग्रह होता. पाणी आणि पंचायत यांची गाठ इथे अशी जुनी आहे.

ती गाठ सैल कशी झाली याचे उत्तर मात्र त्याच कूपनलिकेत थोडेसे दडलेले आहे. हातपंप आला, मग मोटार आली, मग घराघरात नळ आला. चांगलेच झाले, आया-बहिणींच्या डोक्यावरची घागर उतरली. पण तळ्याकडे आणि गावविहिरीकडे जाणारी पायवाट मोडली. जिथे रोज कुणी जात नाही, तिथे कचरा पडतो आणि मग कुंपण पडते.

तळे म्हणजे नुसता खड्डा नव्हे

बीदर शहराच्या आसपास लाल जांभ्याचे पठार आहे. औरादकडे वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. हा पाषाण वाळूसारखे पाणी पीत नाही. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. पाऊस जोराचा झाला की काळी माती फुगते, तोंड मिटते आणि पाणी नाल्याने निघून जाते. त्याला वाटेत थांबवायचे काम तळ्याचे. तळ्यात थांबलेले पाणी हळूहळू भेगांत उतरते आणि खालच्या अंगाच्या विहिरींना उन्हाळ्यात पुरते. म्हणून ज्याच्या शेताला तळ्याचा पाट नाही, त्याचीही विहीर तळ्यावर जगत असते.

तळ्यात गाळ साचला, सांडवा फुटला, किंवा वरून पाणी आणणारे ओहोळ कुणी बुजवून शेतात घेतले, की ही साखळी तुटते. मग प्रत्येकजण आपापली कूपनलिका खोदतो. एक तीनशे फूट जातो, म्हणून शेजारी पाचशे फूट जातो. दोघांच्याही नळ्या बहुतेक वेळा त्याच भेगांतून पाणी ओढत असतात. खर्च दोघांचा, पाणी तेवढेच. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदू नये, असा कायदा कर्नाटकात १९९९ मध्ये झाला. महाराष्ट्रात तसाच नियम १९९३ पासून होता. किती गावांत हे अंतर मोजले जाते? गाडी रात्री येते, सकाळी पाणी लागल्याचे पेढे वाटले जातात.

गाळ काढणे हे तसे आपल्या माणसांना माहीत असलेले काम. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीवर पाझर तलाव बांधायला गेलेली माणसे आपल्या सोयऱ्याधायऱ्यांत होती. पुढे २००६ मध्ये राष्ट्रीय रोजगार हमी देशातल्या पहिल्या दोनशे जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत बीदर आणि गुलबर्गा दोन्ही होते. तळ्यांचा गाळ, शेततळी, बांधबंदिस्ती अशी कामे त्यातून करता येत होती. त्याआधी, २००२ पासून, जागतिक बँकेच्या मदतीने बीदरसह काही जिल्ह्यांत तळी सुधारण्याची योजना आली होती. तिच्यात तळे वापरणाऱ्यांचा संघ करून देखभाल त्याच्याकडे द्यायची, अशी कल्पना होती. योजना येतात आणि जातात. तळ्याच्या काठावर वर्षभर राहणारा माणूस मात्र गावचाच असतो.

बीदर शहरातच याचे उदाहरण आहे. नौबादला बहामनी काळातली, पंधराव्या शतकातली करेझ आहे. जमिनीखालून दोन किलोमीटरहून लांब खोदलेला हा बोगदा उताराच्या जोरावर पाणी आणायचा, वर हवा-उजेडासाठी विहिरींसारखी तोंडे. मध्यंतरी ती गाळाने भरून गेली होती. अलीकडच्या वर्षांत तिचा गाळ उपसायचे काम झाले. २०१६ च्या टंचाईत तत्कालीन जिल्हाधिकारी अनुराग तिवारी यांनी लोकांना बरोबर घेऊन जिल्ह्यातली तळी आणि जुन्या विहिरी साफ करण्याची मोहीम काढली, त्यात शंभराहून जास्त विहिरी मोकळ्या झाल्या. पाचशे वर्षांपूर्वीची विहीर साफ केली की पाणी देते, याचा अर्थ पाणी गेलेले नव्हते. आपले लक्ष गेले होते.

गायरान : कुणाचेच नाही की सगळ्यांचे?

देवणी गाय आपल्या भागाची शान. लातूर जिल्ह्यातल्या देवणीवरून तिचे नाव पडले, पण बीदरच्या गोठ्यांतही ती तितकीच घरची. वानेरा, बालंक्या, शेवरा असे तिचे प्रकार जुने शेतकरी नुसत्या रंगावरून सांगतात. कारहुणवीला आणि पोळ्याला आपण बैलांची शिंगे रंगवतो. पण ती जनावरे चरतात कुठे, हा प्रश्न त्या दिवशी कुणी काढत नाही.

कर्नाटकाच्या १९६६ च्या महसूल नियमांत गावातल्या दर शंभर जनावरांमागे बारा हेक्टर सरकारी जमीन फुकट चराईसाठी राखून ठेवावी, असे म्हटले आहे. आपल्या गावात जनावरे किती आणि गायरान किती, हा हिशेब एकदा मांडून पाहा. बऱ्याच ठिकाणी उत्तर दुखरे निघेल. कुठे कडेचा शेतकरी दरवर्षी दोन तास पुढे सरकला, कुठे सरकारी इमारत आली, कुठे मुरूम खणून खड्डे पडले. गायरान गेले की पहिला फटका बसतो तो ज्याला स्वतःची जमीन नाही, दोन शेळ्या आणि एक म्हैस एवढ्यावर ज्याचे घर चालते त्याला. मोठा शेतकरी कडबा विकत घेतो. विधवा बाई शेळी विकते.

सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावच्या सामाईक जमिनीबद्दल फार स्पष्ट निकाल दिला. तळी, गायराने, स्मशाने यांच्यावरची अतिक्रमणे काढून त्या जमिनी गावाला परत द्याव्यात, त्यासाठी राज्यांनी योजना आखाव्यात, असा आदेश त्यात आहे. खूप खर्च केला किंवा खूप वर्षे झाली म्हणून अतिक्रमण कायम करता येणार नाही, असेही न्यायालयाने बजावले. भूमिहीन मजुरांना किंवा दलित-आदिवासींना सरकारने दिलेले पट्टे आणि शाळा-दवाखाने यांसारखी सार्वजनिक सोय, अशा अपवादांचीच मुभा ठेवली. हा अपवाद लक्षात ठेवायला हवा. गायरान वाचवायचे म्हणजे गरिबाची झोपडी पाडायची, असा अर्थ नाही. आधी मोजणी, मग विचार, हा क्रम पाहिजे.

साडेआठशे मिलीमीटर आणि चारशे मिलीमीटर

आपल्याकडे पाऊस कमी म्हणून हाल, असे आपण म्हणतो. बीदर जिल्ह्याची वार्षिक सरासरी साडेआठशे मिलीमीटरच्या आसपास आहे. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला साधारण चारशे मिलीमीटर पडतो, म्हणजे आपल्या निम्मा. तरी ते गाव पाण्यासाठी नावाजले गेले. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. नव्वदीच्या दशकात आदर्श गाव योजनेतून पाणलोटाची कामे झाली. पण कामांपेक्षा मोठी गोष्ट गावाने स्वतःवर घातलेल्या नियमांची. शेतीसाठी कूपनलिका नाही. ऊस-केळी नाही. मोकाट चराई आणि झाडतोड नाही. श्रमदान सगळ्यांना. दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि पाणी बघून पीक ठरवायचे.

आता उलटे उदाहरण. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ‘जलदूत’ गाडीचे चित्र साऱ्या देशाने पाहिले. लातूरला पाणी देणारी मांजरा नदी तीच, जी पुढे बीदर जिल्ह्यात येते. एकाच नदीच्या काठावर आपण सगळे बसलो आहोत, तेव्हा ती गाडी पाहून ‘बिचारे लातूरकर’ म्हणण्याइतके आपण लांब नाही.

सामाईक वस्तू ही सगळ्यांची म्हणून कुणाचीच नाही, ती उजाड होणारच, असे मोठमोठे अर्थपंडित म्हणत. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीने जगभरची सामाईक कुरणे, पाटपाणी, मासेमारीची ठिकाणे अभ्यासून दाखवले की असे काही नाही. वापरणाऱ्यांनी मिळून नियम केले, नियम पाळले जातात का हे आपल्यातल्याच कुणी पाहिले, आणि मोडणाऱ्याला आधी हलका, मग जड दंड ठेवला, तर सामाईक वस्तू पिढ्यान्‌पिढ्या टिकते. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या आज्ज्याला हे नोबेलशिवाय ठाऊक होते. नीरगंटीने पाट फोडणाऱ्याला पारावर उभे केले की पुढच्या वर्षी कुणी फोडत नसे.

‘सभा कन्नडात होती, मी काय बोलू?’

आता घरातली गोष्ट. सीमेवरच्या घरांत असा संवाद नवा नाही.

‘आज्जी, ग्रामसभेला गेली होतीस का गं?’

‘गेले होते की बाळा. सभा कन्नडात होती. मी काय बोलू? सही केली आन्‌ आले.’

घरात, बाजारात, शेजारणीशी हीच आज्जी फडाफडा कन्नड बोलते. भाजीचा भाव कन्नडात पाडते. मग सभेतच तोंड का मिटते? कारण कागदावरची कन्नड वेगळी. ‘अभिवृद्धी’, ‘अनुदान’, ‘क्रियायोजने’ असे शब्द आले की आपली बोलायची कन्नड मागे सरते. नोटीस वाचता येत नाही म्हणून विषय आधी कळत नाही, आणि विषय कळत नाही म्हणून प्रश्न सुचत नाही. बायकांचे तर दुहेरी. कर्नाटकात पंचायतीच्या निम्म्या जागा २०१० पासून बायकांना राखीव आहेत, पण सदस्य बाईच्या शेजारी खुर्चीत तिचा मालक बसलेला असतो, हे आपण पाहतोच.

जिथे एखाद्या भागात पंधरा टक्के किंवा अधिक लोक दुसरी भाषा बोलतात, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही काढाव्यात, असे १९६१ साली मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरले होते. ते मागायला हरकत नाही. पण ते मिळेपर्यंत तळे थांबत नाही. आणि आपल्या घरांना थांबायची गरजही नाही, कारण कन्नड वाचणारा माणूस आपल्याच घरात आहे. तो सातवीत शिकतो.

कर्नाटकात मुलांची वेगळी ग्रामसभा, ‘मक्कळ ग्रामसभे’, दरवर्षी भरवायची पद्धत आहे. शाळेचे पाणी, संडास, वाटेवरचा नाला असे प्रश्न मुले तिथे मांडतात आणि पंचायतीला उत्तर द्यावे लागते. या सभेला मुलाला पाठवताना आज्जीने त्याच्या खिशात एक प्रश्न घालून द्यावा. ‘आमच्या आज्जीच्या लहानपणी तळ्यात वैशाखापर्यंत पाणी असायचे. आता होळीलाच का आटते?’ नातवाने तो कन्नडात विचारावा. आणि मोठ्यांच्या ग्रामसभेची नोटीस आली की त्याच नातवाने ती आज्जीला मराठीत वाचून दाखवावी. घरातल्या दोन भाषा अशा एकमेकींच्या कामी याव्यात.

याच कामाला आणखी एक कागद जोडता येतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने गावची लोकनोंदवही ठेवायला हवी. कोणती झाडे, कोणते मासे, कोणते बियाणे, कोणता पाणवठा, हे सगळे त्यात लिहायचे. या नोंदवहीची कल्पना रुजवण्यात माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा. मराठी घरातला हा परिसरशास्त्रज्ञ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत वर्षानुवर्षे काम करत होता आणि कर्नाटकाच्या खेड्यांत हिंडत होता. नोंदवही कार्यालयात बसून कुणी भरली असेल तर तिच्यात आज्जीची माहिती नसेल. ती मागून पाहा, आणि नसेल तर घाला.

नाल्याला सीमा कळत नाही

सीमेवरच्या गावांची एक अडचण आतल्या गावांना नसते. पाणलोट एका राज्यात, तळे दुसऱ्या राज्यात. वरच्या गावाने बंधारा घातला तर खालच्याचे तळे कमी भरते. वरच्याने झाडे तोडली तर गाळ खालच्याच्या तळ्यात येतो. मांजरा-गोदावरीच्या पाण्याची राज्याराज्यांतली वाटणी १९८० च्या गोदावरी लवादाने केली. पण दोन गावांमधल्या लहानशा नाल्यासाठी कुठलाही लवाद बसत नाही. तिथे कामाला येतात ते पाहुणे-रावळे. इकडच्या पंचायतीचा अध्यक्ष आणि तिकडचा सरपंच एखाद्या लग्नात एकाच मांडवात जेवत असतील, तर नाल्याचे बोलणेही तिथेच सुरू व्हायला काय हरकत आहे?

आपल्या हातातले

फार मोठे काही सांगत नाही. पुढच्या ग्रामसभेच्या आधी घरातल्या माणसांनी एका संध्याकाळी बसून एवढे करावे.

गावचे तळे, गायरान आणि सार्वजनिक विहिरी यांचे सर्व्हे नंबर लिहून काढावेत. कर्नाटकात पहणी ‘भूमी’ योजनेखाली संगणकावर मिळते, तिच्यात सरकारी जमीन किती हे दिसते. वहीतला आकडा आणि डोळ्यांना दिसणारी जमीन यांत तफावत असेल तर तहसीलदाराकडे मोजणीचा अर्ज करावा. आपले तळे पंचायतीकडे की लघुपाटबंधारे खात्याकडे, हे पीडीओंना विचारून लेखी घ्यावे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात पंचायतींना दिलेल्या अनुदानातला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून ठेवला होता. आपल्या गावात त्यातून काय झाले, हे सभेत विचारावे. उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज द्यावा, साधारणपणे तीस दिवसांत उत्तर यायला हवे. चिंचेच्या झाडांचा आणि तळ्यातल्या माशांचा लिलाव झाला असेल तर पैसा किती आला आणि तळ्यावर किती खर्च झाला, तेही विचारावे. सभा संपली की आपला प्रश्न वहीत लिहिला गेला का, हे नातवाला वाचायला लावावे. वहीत नाही ते झालेच नाही, असे धरावे.

‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण आपण बहुधा लाचखाऊ माणसाकडे बोट दाखवायला वापरतो. राखणारा थोडे खाणारच, असा तिचा रोख. पण ती जरा वेगळ्या कानाने ऐकावी. पाणी चाखायचे असेल तर राखायला यावे लागेल, असेही ती म्हणते. राखायला एकटा आला तर तो एकटाच चाखणार. सगळे आले तर सगळ्यांना पुरणार.

येत्या येळवशीला शेतात जाल तेव्हा पंगत झाल्यावर मुलांना घेऊन जरा तळ्याच्या बांधावर चक्कर मारून या. सांडवा कुठला, मोरी कुठली, पूर्वी पाणी कुठवर यायचे, हे आज्जीने दाखवावे. त्याला कन्नडात काय म्हणतात, ते नातवाने सांगावे. चरगा पिकांवर शिंपडतोच, चार थेंब त्या बांधावरही पडू द्या.